विचारल्याशिवाय काढू नये

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीमागे, नेटवर्कवाल्यांची खोली होती. तिला खिडकी नव्हती आणि तिचं दार कधी नीट लागायचं नाही. नेटवर्कवाले म्हणजे दोनच माणसं, मास्तर आणि बाई. मास्तरांनी तरुणपणी दोन वर्षं एका शाळेत गणित शिकवलं होतं, तेवढ्यावर ते जन्मभर मास्तर राहिले. बाई त्यांच्या हाताखाली आली तेव्हा बावीस वर्षांची होती. पुढे सगळे तिला बाई म्हणू लागले, पण मास्तर मात्र शेवटपर्यंत 'पोरी' म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

काम त्यांनीच शिकवलं. एका केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, त्यांच्या रंगांचा क्रम चुकला की सगळं मुसळ केरात. तो क्रम त्यांनी तिच्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला, जिने चढता-उतरता. पहिल्या महिन्यात ती झोपेतसुद्धा रंग बडबडायची आणि घरच्यांना वाटायचं, पोरगी साडीच्या दुकानात लागली की काय.

हॉस्पिटलमध्ये तेव्हा एकतीस स्विच होते. स्विच म्हणजे बटण नव्हे. एका केबलमधून आलेला निरोप बरोबर त्याच माणसाच्या कॉम्प्युटरकडे धाडणारी ती चपटी, मिणमिणत्या दिव्यांची पेटी. मास्तर प्रत्येक पेटीवर कागदाची चिठ्ठी चिकटवत. याला काय जोडलंय, हा बंद पडला तर कोणाची पंचाईत होईल, आणि खाली ठळक अक्षरात 'विचारल्याशिवाय काढू नये'. विचारायचं कोणाला? त्यापुढे त्यांच्या घरचा फोन नंबर. पेट्या सुट्टीच्याच दिवशी आजारी पडतात, असं त्यांचं ठाम मत होतं. फोन मास्तरांच्या पत्नी, म्हणजे काकू, उचलायच्या आणि 'लॅबचा स्विच बंद' हा निरोप दुधाच्या हिशेबासारखा बिनचूक लिहून ठेवायच्या. तो काळ बाईला फार सुखाचा वाटायचा. दिवसभर छताच्या फळ्यांमध्ये डोकी घालायची, केसात धूळ घेऊन खाली उतरायचं आणि एकमेकांकडे बघून हसायचं.

मग सगळं क्लाउडवर गेलं. पेट्या राहिल्या त्या नावापुरत्या. आता एका लांबच्या कंपनीच्या यंत्रांमध्ये कॉम्प्युटरांना द्यायच्या आकडी पत्त्यांचा एक पट्टा आपल्यासाठी आखून घ्यायचा, आणि त्यालाच स्विच म्हणायचं. हात लावायला काही नाही, लुकलुकायला काही नाही. त्याची माहिती हवी असेल तर कंपनीच्या एपीआयला, म्हणजे तिच्या यंत्रांच्या चौकशी-खिडकीला, ठरलेल्या शब्दांत विनंती लिहून पाठवायची. मग उत्तर येतं. नाव, पट्टा, किती पत्ते शिल्लक, कधी तयार केला, आणि शेवटी 'वर्णन', म्हणजे करणाऱ्याला काही लिहून ठेवायचं असेल तर ती जागा.

बाईला ते चटकन जमलं. मास्तर एका बोटाने टाइप करत, आणि त्यांची विनंती परत येई. कंपनीची यंत्रं अनेक शहरांत होती, प्रत्येक ठिकाणाला रीजन म्हणत, आणि कोणत्या रीजनचं विचारतोय ते लिहायला मास्तर दर वेळी विसरत. तिसऱ्यांदा ते तिच्या टेबलाशी आले तेव्हा तिचं डोकं फिरलं.

"मास्तर, तीनदा सांगितलंय. सोडा ना आता हे."

ते 'बरं' म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी तिला काही विचारलं नाही. त्यांनी नाद सोडला, असं समजून तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढच्याच महिन्यात साहेबांनी तिला विचारलं, नव्या कामाला मास्तर चालतील का? तिने एका ओळीचा मेल लिहिला, 'मास्तरांना हे जमेल असं वाटत नाही.' शनिवारी मास्तरांना पत्र मिळालं आणि निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच ते घरी बसले. निरोपसमारंभात बाई खुर्च्या मांडत राहिली, चहाचे कप मोजत राहिली, पण त्यांच्यासमोर उभी राहिली नाही. त्यांना त्या मेलचं कळलंय की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला फोन करण्याचं तोंड नव्हतं. बघता बघता तीन वर्षं झाली.

आणि परवा साहेबांनी आवराआवर काढली. क्लाउडवर जे जे विनावापर पडलंय त्याची यादी करा, काढून टाका, आणि काढायला हरकत नव्हती असं सही करून द्या, मुदत गुरुवारची. एरवी बाई स्क्रीनवर बघायची, पण तिथे एका वेळी एकाच रीजनचं दिसतं, आणि ती नेहमी आपल्याच रीजनचं बघायची. या खेपेला तिने एपीआयने एकेक रीजन विचारत जायचं ठरवलं. बाकी सगळीकडून 'काही नाही' येत होतं. हॉस्पिटलचा ज्याच्याशी कधी काडीचा संबंध आला नव्हता अशा एका रीजनमधून मात्र एक स्विच आला.

तिने त्याची माहिती मागवली. नाव, 'पहिला'. पत्ते सगळेच्या सगळे शिल्लक, म्हणजे त्याला कधी काही जोडलंच नव्हतं. वर्णनाच्या जागी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, 'विचारल्याशिवाय काढू नये', आणि पुढे तिला पाठ असलेला फोन नंबर.

तिने तयार केल्याची तारीख पाहिली. मग आपला तो जुना मेल शोधून काढला. स्विच मेलच्या अकरा दिवस आधीचा होता.

जमेल असं वाटत नाही, असं तिने लिहिलं तेव्हा मास्तरांना जमलेलं होतं. आणि कसं जमलेलं होतं! आपल्या धडपडीत हॉस्पिटलचं काही बिघडू नये म्हणून त्यांनी लांबचं रीजन निवडलं होतं. पट्टाही असा घेतला होता, की हॉस्पिटलच्या एकाही पट्ट्याला तो कुठे घासत नव्हता. घोकंपट्टीने हे होत नाही, त्यासाठी ते समजावं लागतं.

आता काढून टाकणं एका विनंतीचं काम होतं. स्विच गेला की तारीख जाणार, आणि तिने काय केलं ते कोणालाही कधी कळणार नव्हतं. तिने ती विनंती लिहिलीसुद्धा. पाठवायला हात धजेना. शेवटी तिने फोन उचलला.

हॉस्पिटलमधून बोलतेय म्हटल्यावर काकूंनी जुन्या सवयीने विचारलं, कोणता स्विच बंद पडला? बाईला हसू आलं आणि डोळेही भरले. मग मास्तर फोनवर आले. तिने स्विचचं सांगितलं, काढू का म्हणून विचारलं, आणि धीर सुटायच्या आत बोलून टाकलं.

"मास्तर, तुम्हाला जमणार नाही असं मीच लिहून दिलं होतं."

"माहीत आहे. साहेबांनी दाखवलं होतं मला."

"मग सांगितलं का नाहीत, की जमलंय म्हणून?"

"मला कुठे खात्री होती, पोरी? केला होता खरा. पण बरोबर झालाय की नाही, ते तुझ्याशिवाय कोण बघणार होतं? दोनदा तुझ्या टेबलापर्यंत आलो. तू कामात होतीस."

रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"आहे का आत्ता समोर?" त्यांनी विचारलं. "मग बघ की. बरोबर आहे का?"

तिने पदराने डोळे पुसले आणि वरपासून एकेक ओळ त्यांना वाचून दाखवली. रीजन, पट्टा, पत्ते, सगळं. घाई केली नाही.

"बरोबर आहे, मास्तर. एकही चूक नाही."

"मग काढ आता," ते म्हणाले. फोन ठेवायला त्यांना जरा वेळ लागला, तेवढ्यात ते काकूंना सांगत होते ते तिला ऐकू आलं, "अगं, बरोबर आलं होतं."