बार्लोबाईंच्या झाडावरचा बर्फ

बुधवार, २४ डिसेंबर १९५८. दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. फ्रेझर टाऊनमध्ये मिसेस डॉरीन बार्लो यांच्या दिवाणखान्यात रत्नाबाई स्टुलावर उभी राहून सुरूच्या झाडाला शेवटचा बर्फ लावत होती.

बर्फ म्हणजे पिंजलेला कापूस. खरा बर्फ पडताना रत्नाबाईने कधी पाहिला नव्हता. मिसेस बार्लोंचा जन्म कोलारच्या सोन्याच्या खाणीवरचा, त्यांनीही पाहिला नव्हता. दोघींचा सगळा अभ्यास एका बिस्किटाच्या डब्यावरच्या चित्रावरून झालेला. तरी कापूस कुठे दाट हवा नि कुठे विरळ, यावरून दरवर्षी हुज्जत व्हायची. झाडावर धुकं उतरल्यासारखं दिसलं पाहिजे, रजई वाळत घातल्यासारखं नव्हे, असं रत्नाबाईचं म्हणणं.

रत्नाबाई चिकपेटेमागच्या गल्लीतल्या रंगाऱ्यांच्या घरातली. घराणं बेंगळुरात कधी आलं हे घरातल्या कोणालाच सांगता येत नसे. नवरा गेल्यावर ती कँटोन्मेंटमधल्या घरांचे पडदे शिवू लागली आणि पडद्यांवरून नाताळच्या सजावटीवर आली. बारा वर्षांत तिने सजवलेलं एकही झाड पेटलं नव्हतं. मेणबत्ती फांदीच्या टोकालाच बसवायची आणि तिच्या डोक्यावर दुसरी फांदी येऊ द्यायची नाही. कागदाच्या झिरमिळ्या दिव्यापासून हातभर लांब. दाराशी वाळूची बादली. आणि कापूस तुरटीच्या पाण्यात बुडवून उन्हात खडखडीत वाळवलेला. असल्या कापसाला काडी लावली तर तो काळा पडतो, भडकत नाही. कापडाचा रंग पक्का करायला रंगाऱ्याच्या घरात तुरटी कायमची, आणि ती पारखायची जिभेवर. तोंड आवळून आलं की माल खरा.

यंदा झाड मोठं आलं आणि कापूस कमी पडला. घरची तुरटीही संपली होती. म्हणून सोमवारी तिने आणखी कापूस बार्लोंच्याच घरी भिजवायला घेतला आणि तुरटी मागितली. मेरी स्वयंपाकिणीने कांदा चिरता चिरता वरच्या फळीकडे बोट केलं. फळीवर पांढऱ्या खड्यांच्या दोन बरण्या होत्या. फळीखाली मोठ्या मातीच्या भांड्यात नाताळसाठी गाईचं मांस मिठात मुरत पडलं होतं. रत्नाबाईने पदर नाकाला लावला आणि हात लांब करून जवळची बरणी ओढली.

मेरी म्हणाली, "खुशाल घे ग. ती काही उठून शिंग मारणार नाही."

त्या स्वयंपाकघरातली वस्तू जिभेला लावायची, हे रत्नाबाईच्या मनातही आलं नाही.

काम संपलं की उरलेल्या कापसाला व्हरांड्यात काडी लावून दाखवायची, असा रिवाज होता. सुरुवातीला ती परीक्षा होती. बारा वर्षांत तिचा खेळ झाला होता. मिसेस बार्लो शेजाऱ्यांना बोलावून तो दाखवत. आज त्या आत टेबलक्लॉथला इस्त्री करत होत्या. व्हरांड्यात रत्नाबाई आणि मदतीला आलेली तिची धाकटी जाऊ वसुमती, दोघीच होत्या. रत्नाबाईने सवयीने पुंजका चिमटीत धरला आणि काडी ओढली.

फस्स झालं. जांभळट ज्योत, दोन ठिणग्या, आणि चिमटीत काही उरलं नाही. बोटं पोळली हे तिला मागाहून कळलं. तिने दुसरा पुंजका घेतला. तोही तसाच गेला. तिसरा नुसता काळा पडला.

"अक्का," वसुमती म्हणाली, "ही आपली तुरटी नव्हे."

रत्नाबाईने चौथा पुंजका जिभेला लावला. तुरट नव्हता. थंड लागला, मग खारट. दारूकाम करणाऱ्यांच्या घरी असतो तो सोरा. मांस मुरवायलाही तोच घालतात. चार घरांचं मांस इथेच मुरायचं, म्हणून बरणीभर होता. तिने पायरीवर बसकण मारली. घरून भिजवून आणलेला आणि इथे भिजवलेला कापूस झाडावर एकमेकांत मिसळून गेला होता. कुठला कुठला, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. सहा वाजता गल्लीतली पोरं हात धरून झाडाभोवती उभी राहणार होती आणि मेणबत्त्या पेटणार होत्या.

वसुमतीने तोड काढली. कापसात कीड निघाली म्हणायचं आणि उतरवायचा. कशाला नसती शोभा? रत्नाबाईने क्षणभर विचार केला. पण मिसेस बार्लो काहीच टाकत नसत. झटकून पेटीत ठेवा, पुढच्या वर्षी लावू, असंच म्हणाल्या असत्या. ती उठून आत गेली.

"मॅडम, मेणबत्त्या लावू नका. कापूस सोऱ्यात भिजलाय. माझ्याच हातानं."

मिसेस बार्लोंनी इस्त्री उभी केली. त्यांना आधी खरंच वाटेना. "पण तू चाखून घेतेस. मी सगळ्यांना तेच सांगते."

"इथं नाही चाखलं."

मिसेस बार्लोंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग रत्नाबाईकडे. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तो आगीच्या विचाराने पडला की दुसऱ्या कशाने, हे रत्नाबाईला उमगलं नाही.

"आणि तू येताना आणतेस ती पाण्याची बाटली? मला वाटायचं, डॉक्टरनी उकळलेलं प्यायला सांगितलंय."

"घरचं पाणी आहे, मॅडम."

"बारा वर्षं?"

रत्नाबाईने मान हलवली. माफी कशाची मागायची, सोऱ्याची की पाण्याची, हे तिला ठरवता येईना, म्हणून तिने कशाचीच मागितली नाही. मिसेस बार्लो रेशमी झग्यानिशीच स्टुलावर चढल्या आणि वरच्या फांद्यांवरचा कापूस उतरवू लागल्या. रत्नाबाई आणि वसुमती तासभर खालून काढत होत्या. मेरी दोनदा दारात येऊन परत गेली.

झाड हिरवंच राहिलं. फांद्यांवरच्या मेणबत्त्या काढून रत्नाबाईने काचेच्या पेल्यांत वाळू भरून त्यांत रोवल्या आणि पेले दगडी खिडक्यांत, पडदे बांधून, ओळीने मांडले. दिसायला ते वाईट नव्हतं. मिसेस बार्लोंनी पाहिलं आणि कानडीत "सरी", ठीक आहे, एवढंच म्हटलं.

उतरवलेला कापूस परसातल्या धुण्याच्या टबात पाण्याखाली दाबून वर पाटा ठेवला होता. निघताना रत्नाबाईने मेरीला दोनदा बजावलं, कापूस वाळू द्यायचा नाही, सकाळी आणखी पाणी ओत. मेरी या वेळी हसली नाही. कचऱ्याची गाडी येईपर्यंत ना, असं तिने विचारलं.

उद्या गुरुवार, पंचवीस तारीख. नाताळच्या दिवशी कार्पोरेशनची कचरागाडी त्या रस्त्याला येत नाही. ती शुक्रवारी सकाळी आठ वाजता येते, तोवर कापूस ओला राहायला हवा.