पाचवं कडवं आणि मिरवणुकीची अंडी

डोंगरमाथा मागं पडून वाट उताराला लागली तेव्हा आयडा रिग्लीनं टोपली या हातातून त्या हातात घेतली आणि मागं वळून म्हणाली, "काय गं पोरी, अंडी उबवायला बसलीस की काय? पाय उचल जरा."

थेल्मा हसली, पण तिचे पाय काही उचलेनात. डोंगरावरच्या शेतातून, गवत अंथरलेल्या दोन टोपल्यांत अंडी भरून दोघी निघाल्या होत्या त्याला बराच वेळ झाला होता. खाली दरीत गिरणीची चिमणी दिसायला लागली होती, आणि तिच्या शेजारी चॅपेलचं, त्यांच्या छोट्या चर्चचं, काळं छप्पर. त्या छपराखाली पोचायच्या आत थेल्माला एक गोष्ट बोलायची होती. जाताना चढावर दम लागला म्हणून राहिली. शेतावर मालकीण समोर होती म्हणून राहिली. आता उतार होता, वाटेवर मेंढ्यांशिवाय कुणी नव्हतं आणि सगळ्या सबबी संपल्या होत्या.

चॅपेलच्या समितीनं तिला त्याचसाठी बरोबर धाडलं होतं. "तुझंच ऐकेल ती," समितीतले ऑग्डनसाहेब म्हणाले होते. "तिच्या हातची अंडी खाऊन वाढलीस तू." निरोप अगदी साधा होता. उद्या सकाळी आयडानं चुलीपाशी उभं राहू नये. मुलांची अंडी दुसरं कुणीतरी उकडेल. ऑग्डनसाहेबांनी त्यासाठी किल्ली फिरवली की ठरल्या मिनिटांनी घंटा वाजवणारं एक घड्याळसुद्धा आणून ठेवलं होतं.

पेंटेकॉस्टच्या सणानंतरच्या शुक्रवारी त्या दरीतली सगळी चॅपेलं आपापला रेशमी झेंडा उंच धरून बँडच्या मागून गावभर चालतात. मुलं पांढऱ्या कपड्यांत, मुलींच्या हातात फुलांच्या परड्या. चालायच्या आधी मुलांच्या पोटात काहीतरी हवं म्हणून चॅपेलच्या मागच्या खोलीत न्याहारी असते: प्रत्येकापुढं छोट्या वाटीत उभं केलेलं एक उकडलेलं अंडं, आणि लोणी लावलेल्या टोस्टच्या लांब पट्ट्या. त्या पट्ट्यांना तिथं सगळे शिपाई म्हणतात. अंड्याची टोपी उडवायची आणि शिपाई बलकात बुडवून खायचा. थेल्मा चार वर्षांची होती तेव्हापासून ती अंडी आयडा उकडत आली होती.

आयडा तरुणपणी गिरणीत कताईच्या खात्यात होती. यंत्रांच्या आवाजात तिथं कुणाचं काही ऐकू येत नसे. बायका एकमेकींचे ओठ वाचून अख्ख्या गावाची खबर ठेवत. गिरणी सुटली तरी आयडाचं मोठ्यानं बोलणं सुटलं नाही. देवाशीसुद्धा ती मोठ्यानंच बोलायची. अंडी उकडायला तिला घड्याळ कधी लागलं नाही. अंड्यांची जाळी उकळत्या पाण्यात सोडली की ती आईकडून शिकलेलं सात कडव्यांचं स्तोत्र सुरू करायची. शेवटचं कडवं संपलं की जाळी वर. पांढरं घट्ट, बलक मऊ. शेजारच्या टेबलावर तिचा नवरा विल्फ पाव कापत असायचा आणि खालच्या पट्टीत साथ द्यायचा. कडेच्या जाड पट्ट्यांना तो सुभेदार म्हणायचा आणि गुपचूप आयडाच्या बशीत ठेवायचा.

पोरांचाही दरवर्षी एकच खेळ. अंडं पोखरून खायचं, रिकामं टरफल वाटीत उलटं ठेवायचं आणि हाक मारायची, "आयडा आंटी, मी अजून हातसुद्धा लावला नाही बघा!"

"हात लावला नाही? लाडावलेली कार्टी! एवढ्या लांबून आणलं ते काय शोभेला?" असं म्हणत आयडा चमच्यानं टकटक करायची, टरफल फुटायचं, आणि ती कपाळाला हात लावायची. त्याच त्या फसवणुकीला ती दरवर्षी नव्यानं फसायची. मग पोरं टरफलाच्या बुडालाही भोक पाडायची, नाहीतर त्याची होडी करून चेटकिणी समुद्रावर जातात आणि जहाजं बुडवतात म्हणे. चॅपेलच्या धर्मगुरूंना हे आवडत नसे. आयडा म्हणायची, "देवाला चेटकिणींची भीती नाही, पण खलाशांनी काय पाप केलंय?"

विल्फ गेला तो आदल्याच्या आदल्या हिवाळ्यात. आणि गेल्या मिरवणुकीला अंडी बिघडली. एक-दोन नव्हे, सगळी. पांढरंसुद्धा पाण्यासारखं. मुलांनी शिपाई बुडवले आणि सगळं पांढऱ्या कपड्यांवर ओघळलं. ऑग्डनसाहेबांची नात झेंड्याची दोरी धरून सगळ्यांच्या पुढं चालली, गळ्यापासून कमरेपर्यंत पिवळा पट्टा घेऊन. शेजारच्या चॅपेलवाल्यांनी विचारलं, "यंदा रंग बदलला वाटतं तुमचा?" लोक वर्षभर हसले. चूल जुनी झाली म्हणाले, कोंबड्या बदलल्या म्हणाले. शेवटी आयडा म्हातारी झाली म्हणाले.

उतार सोपा झाला तशी आयडा ते स्तोत्र म्हणायला लागली. चालताना ती नेहमीच काहीतरी म्हणायची. थेल्मा मनात शब्द जुळवत होती, "आंटी, राग मानू नका, पण समितीला वाटतं..." आणि एकीकडं तिच्या कानावर कडवी पडत होती. तिसरं झालं. चौथं झालं. आणि आयडानं श्वास घेऊन सरळ सहावं धरलं.

थेल्मा थांबली. "आंटी, पाचवं राहिलं."

आयडाचं गाणं तुटलं. वाटेच्या कडेला दगडी कुंपण होतं, त्यावर तिनं टोपली ठेवली, वरचं गवत नीट केलं, आणि मग तीही टेकली.

"गेल्या वर्षीही असंच राहिलं का?" थेल्मानं हळूच विचारलं. "म्हणून अंडी लवकर निघाली?"

"मग तुला काय वाटलं, कोंबड्यांनी कट केला?" आयडा म्हणाली. टोपलीतलं गवत पुन्हा सारखं करत म्हणाली, "विसरले नाही हं मी. तसं समजू नकोस. येतं मला पाचवं. विल्फला मातीत ठेवलं तेव्हा सगळ्यांनी तेच म्हटलं. तेव्हापासून चौथं संपलं की गळा बंद होतो. गेल्या वर्षी आत पाणी उकळतंय, बाहेर पोरं ताटं बडवतायत. म्हटलं, रडत उभी राहिले तर दगड होतील अंडी. म्हणून उडी मारली."

"पुस्तक समोर ठेवलं तर?"

"शब्द कुठं अडलेत, बाळ?"

थेल्मा तिच्या शेजारी बसली. खाली चॅपेलपुढं कुणीतरी झेंड्याच्या काठ्या पुसत होतं. आता बोलायलाच हवं होतं. "आंटी, मला एक सांगायचं होतं. समितीनं—"

"घड्याळ आणलंय त्यानं. लाल रंगाचं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ऑग्डननं. काचेच्या दारापलीकडून. त्याला वाटतं दार लावलं की बोलणं आत राहतं." आयडा आता हसत होती. "तोंड एवढं मोठं उघडतो की आंधळीलाही वाचता येईल. सकाळपासून वाट बघतेय मी, ही पोरगी तोंड उघडते कधी. चढावर उघडलं नाहीस, शेतावर उघडलं नाहीस."

"मला नव्हतं हो यायचं," थेल्मा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"बरं झालं आलीस. दुसरी टोपली कुणी उचलली असती?" आयडानं हातरुमालानं नाक पुसलं. "चूल सोडायला मी तयार आहे गं. गुडघे माझं ऐकत नाहीत. पण अशी नाही. पोरांना कच्चं खायला घालून, त्यांचे कपडे खराब करून नाही. एकदा नीट उकडून देते, सातही कडव्यांची. मग त्या घड्याळाला खुशाल द्या माझा एप्रन."

ती उठली. टोपली हातात घेतली आणि थेल्माकडं वळली.

"उद्या तू माझ्याजवळ उभी राहा. विल्फच्या जागी. पाव तूच काप. चौथ्यापर्यंत मी म्हणते. पाचवं तू म्हण, सहाव्याला मी परत येते."

"मी?" थेल्मा घाबरलीच. "आंटी, माझा आवाज ठाऊक आहे ना? संडे स्कूलच्या बाईंनी मला सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. आजवर मी नुसते ओठच हलवत आलेय."

"ठाऊक आहे. इतकी वर्षं वाचतेय मी. सगळं चॅपेल देवाची स्तुती गातंय आणि ही पोरगी म्हणतेय, जेली, जेली, जेली."

थेल्माला हसू आवरेना. टोपली हिंदकळली तसं आयडानं तिचं मनगट घट्ट धरलं. हात गार होता.

"उद्या तसं नको करूस गं," ती म्हणाली. "बेसूर म्हण, कावळ्यासारखं म्हण, पण अख्खं म्हण आणि मोठ्यानं म्हण. अंड्यांना ओठ वाचता येत नाहीत."