डाव्या पायाखालची पाचर

पुरुषभर उंचीचं ते लंबकाचं घड्याळ बैठकीच्या कोपऱ्यात उभं होतं आणि सव्वीस वर्षं आत्या त्याच्या पायाशी बसत आली होती. लग्न झालं नाही, वडील गेले, घर धाकट्या भावाचं झालं, ती तिथंच राहिली. त्या घरात तिचं म्हणावं असं घड्याळ तेवढं होतं. ते दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं, म्हणून ती होती.

दर रविवारी ती हात धुऊन, कोरडे करून बसायची. आधी लंबक अलगद थांबवायचा. मग जुन्या मऊ फडक्याने पितळी वजनं पुसायची. उघडं बोट लावायचं नाही, घामाने पितळ काळं पडतं. तेल विणायच्या सुईच्या टोकावर राहील एवढंच, तेही वर्षातून एकदा. शेवटी किल्ली, मोजून चौदा फेरे. मग ती डोळे मिटून ऐकायची. टिक आणि टक यांत सारखं अंतर पडलं की तिचा चेहरा बाळंतिणीसारखा निवायचा.

जीभ मात्र जाळ. भावजय जवळ फिरकली की म्हणायची, "लांब हो गं! पिठाचे हात घेऊन आलीस? घड्याळ आहे हे, तवा नव्हे."

भावजयीने सव्वीस वर्षं ऐकून घेतलं. मग एका रविवारी हात धुऊन शेजारी येऊन बसली. "वन्सं, मलाही शिकवा ना. तुमच्यासारखा हात कुणाचा आहे?"

आत्या फुलली. चार रविवार तिने सगळं शिकवलं, एक गोष्ट सोडून. कोपऱ्यातल्या फरशीला उतार होता. घड्याळाच्या डाव्या पायाखाली वडिलांनी बसवलेली नखाएवढी लाकडी पाचर होती. ती निघाली तर घड्याळ लंगडत चालणार आणि थांबणार. तेवढं आत्याने पोटात ठेवलं.

पाचव्या रविवारी भावजयीने सगळं एकटीने केलं. जेवताना नवऱ्याला म्हणाली, "घड्याळाची काळजी मिटली. आता वन्संना कशाला अडकवायचं? वृद्धाश्रमात खोली रिकामी आहे, मी विचारून आले."

भाऊ ताटातला भात चिवडत राहिला.

"तू काही बोलणार आहेस का नाही?" आत्याने विचारलं.

"ताई, तिथं तुझ्या वयाची माणसं असतात."

निघायच्या दिवशी आत्या घड्याळापाशी वाकली. "पाया पडताय की काय त्याच्या?" भावजय हसली. आत्या उठली तेव्हा पाचर मुठीत होती. चार दिवसांत धावत येतील न्यायला, तिने मनाशी धरलं.

संध्याकाळच्या आत घड्याळ बंद पडलं.

"ताईला विचारू का?" भाऊ म्हणाला.

"राहू दे. टकटकीनं डोकं उठवलं होतं नुसतं."

"मग शिकलीस कशाला?"

"शिकले नसते तर त्या हलल्या असत्या?"

लंबक माळ्यावर गेला. घड्याळाच्या पोटात ओल्या छत्र्या उभ्या राहू लागल्या.

आश्रमात आत्याने पिशवी रिकामी केलीच नाही. खाटेचा एक पाय डुगडुगायचा. शेजारची म्हातारी कावायची, "खाली काहीतरी सरकवा की हो!" आत्या म्हणायची, "कशाला? आज-उद्या निघायचंय मला."

दोन महिन्यांनी भाऊ केळी घेऊन आला. आत्याने भावजयीचं विचारलं नाही, मुलांचं विचारलं नाही.

"घड्याळ?"

भावाला वाटलं, म्हातारीच्या जिवाला कशाला घोर. "एकदम झकास चाललंय! मिनिटाचा फरक नाही."

"एकदाही थांबलं नाही?"

"एकदाही नाही. तू निर्धास्त राहा, ताई."

बरं वाटावं म्हणून त्याने तिला केळं सोलून दिलं आणि हलक्या मनाने गेला.

आत्याने पिशवीतले कपडे काढून फळीवर रचले. मग खाली बसली, खाट उचलली आणि पिशवीच्या तळाची पाचर पायाखाली सरकवली.

"सुटले बाई," शेजारची म्हणाली.