माझ्या साडूचे कान

आमच्या कर्जत-खालापूर भागात स्वतःला वाया घालवण्यात माझ्या साडूचा हात धरणारा कोणी नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, साधी तंबाखूही नाही. हा गृहस्थ वाया गेला तो लोकांच्या उपयोगी पडून, आणि याचा त्याच्यापेक्षा मलाच जास्त संताप येतो. साजगावच्या एका कारखान्यात तो फॅसिलिटी मॅनेजर आहे. म्हणजे नक्की काय, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. कारखान्यात तयार होणारा माल सोडून बाकी सगळं त्याच्याकडे: दिवे, पाणी, पंखे, संडास, कँटीनमधली झुरळं, साहेबांच्या केबिनमध्ये येणारा वास. सगळं नीट चालू असलं की त्याची कुणाला आठवण होत नाही, आणि काही बिघडलं की त्याच्याशिवाय कुणाचीच होत नाही.

आमच्याकडे जेवायला आला तरी पाटावर बसण्याआधी तो मोरीत डोकावतो. माझ्या मुलीच्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी हा कार्यालयाच्या मागे जनरेटरला कान लावून उभा. "आवाज बरा नाही, साडूभाऊ," वर मलाच सांगतो. विहीणबाईंचा रुसवा भर मांडवात चालला होता, तो याच्या कानावर गेला नाही. नळ गळत असेल तर मात्र दोन खोल्यांपलीकडून ऐकू येतो.

आणि अशा माणसाला वेड कसलं, तर नाटकाचं! कामावरून सुटला की घरी न जाता तो थेट कर्जतला आमच्या हौशी मंडळाच्या तालमीला येतो. सगळ्यांची भाषणं त्याला पाठ, बायकांचीसुद्धा. कारखान्यात आग विझवायची रंगीत तालीम होती, तेव्हा त्याने "बाहेर पडा" हे इतक्या कळवळून म्हटलं, की कँटीनचा आचारी जो पळाला तो कळंबला स्वतःच्या घरी पोचूनच थांबला. पण मंडळाने याला कधी भूमिका दिली? नाव नको. आमचे अध्यक्ष दरवर्षी खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "सायेब, तुमी मागं असलात की आमाला घोर नाय." की हा खूश होऊन पडद्याची दोरी धरायला मोकळा. मी भांडलो, तर उलट मलाच गप्प करायचा.

यंदा मात्र म्हाताऱ्या बापाचं काम करणाऱ्याचा गुडघा गेला आणि ती भूमिका याच्याकडे आली. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो, त्याला दारात अडवून बापाने बोलायचं, असं लांबलचक भाषण. या एका भाषणासाठी त्याने अर्धं आयुष्य दोऱ्या ओढण्यात काढलं होतं. कारखान्यात मोटारी तपासताना तो तेच म्हणायचा, घरी जेवताना तेच. भाकऱ्या थापता थापता माझ्या मेहुणीलाही ते पाठ झालं.

प्रयोग रविवारी दुपारी, शाळेच्या सभागृहात. मुलाला अडवून तो बोलू लागला आणि हा आपला साडू आहे हे मी साफ विसरलो. बायकांचे पदर डोळ्यांना लागले. कुणी खोकतसुद्धा नव्हतं. तेवढ्यात त्याची नजर छताकडे गेली. मग मलाही ऐकू आलं: वरची टाकी भरून वाहत होती. वाहू दे ना रे बाबा, शाळेची टाकी आहे, तुझी आहे का? त्याने आणखी दोन वाक्यं कशीबशी रेटली. आणि मग बापाच्याच त्या भरून आलेल्या आवाजात म्हणाला, "कुणीतरी मोटर बंद करा रे."

सगळं सभागृह हसत सुटलं. समोर उभा असलेला मुलगासुद्धा पाठ फिरवून हसायला लागला. पडद्यावरच्या नव्या माणसाला वाटलं, प्रवेश संपला. त्याने पडदा टाकला, आणि अर्धं भाषण माझ्या साडूच्या तोंडात तसंच राहिलं.

मी तावातावाने आत गेलो. तो दाढी उतरवत होता. "पाणी वाया जात होतं हो," एवढंच म्हणाला. तोवर अध्यक्ष आले. "लय हसवलंत, सायेब. पन पुढल्या वर्षी तुमी पडद्यावरच बरे. तुमी नसलात का कशे हाल होतात, बगितलं ना?" यावर हा चक्क "हो हो" म्हणाला. मला दोघांच्याही डोक्यात तिथली खुर्ची घालावीशी वाटली.

मेहुणी दारात कधीची उभी होती. अध्यक्ष गेल्यावर ती हळूच म्हणाली, "राहिलेलं घरी म्हणून दाखवा."

"तुला पाठ आहे की गं सगळं."

"पाठ आहे," ती म्हणाली. "पण तिथे उभं राहून बोलताना ऐकायचं होतं तुम्हाला."

तो उठला. अर्धा रंग चेहऱ्यावर तसाच ठेवून रिकाम्या सभागृहात गेला आणि एकेक पंखा बंद करू लागला. मला खूप काही सुनवायचं होतं. ते तसंच गिळून मी दुसऱ्या बाजूची बटणं बंद करत गेलो.