उंदीर की मुशी

श्यामकांत पेडणेकर मालवणहून चंडीगडला आला तो एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात. काम दोनच: पिंजऱ्यातले पांढरे उंदीर जगवायचे आणि फॉर्मालिनच्या पिंपातल्या मुशी, म्हणजे शार्कची छोटी भावंडं, विद्यार्थ्यांना चिरायला काढून द्यायच्या. एकवीस वर्षं त्याने दोन्ही घरं सांभाळली.

मंगळवार, २६ ऑगस्ट १९९७ रोजी व्यवस्थापनाने पुण्याहून नंदकुमार नावाचे सल्लागार आणवले. देशाची दारं उघडली होती. आता विभागाने एकाच प्राण्यावर भागवावं, असं ठरलं. कोणत्या, ते दहा निकष सांगणार होते. उंदीर गेले तर श्यामकांतही घरी जाणार, कारण पिंपाला दाणापाणी लागत नाही.

"अहो, मालवणचे असून मुशीवर उठणार?" पोळी लाटता लाटता त्याच्या बायकोने, मंजिरीने, विचारलं.

"मुशीने जेवू घातलं. नोकरी उंदरांमुळे टिकलीय."

दुसऱ्या दिवशी नंदकुमारांनी तक्ता आखला. शिस्तीत मुशीला दहा आणि उंदराला दोन, कारण एकाने गजांतून त्यांच्या पेनाचं टोपण ओढून नेलं होतं. शांतता, दहा. हजेरी, दहा. फॉर्मालिनने साहेबांचे डोळे वाहू लागले, तरी स्वच्छतेतही मुशीच पुढे.

"साहेब, त्या मेलेल्या आहेत," श्यामकांत म्हणाला.

"तसा निकष नाही."

"वाढीचा आहे का?"

नंदकुमारांनी मान वर केली. "आहे की. शेवटचा, पण सर्वांत जास्त गुणांचा. आजकाल वाढीशिवाय कोण विचारतं, पेडणेकर?"

"वर्षात मुशी चाळीसच्या सव्वीस झाल्या. उंदीर बाराचे चौऱ्याण्णव."

नंदकुमारांनी आकडा दोनदा लिहिला. एवढी वाढ त्यांनी कुठल्याच कारखान्यात पाहिली नव्हती. उंदीर जिंकले, श्यामकांत राहिला.

शनिवारी कार्यालयाचा हुकूम आला: कमी केलेल्या प्रत्येकाला लेखी कळवून पोच घ्यावी. श्यामकांतने पिंपाचं झाकण काढलं. इंग्रजी पत्र त्याने सावकाश मालवणीत समजावून सांगितलं. मग शाईचा पॅड घेतला आणि डाव्या अंगठ्याच्या रकान्यात सव्वीस जणींच्या डाव्या परांचे ठसे उमटवले.