बोटांमधला निरोप

वहिनीनं ग्रहणात टोमॅटो चिरला तेव्हा तिला सातवा महिना होता. कुरुंदवाडात, आमच्याच दारात, सगळ्या गल्लीसमोर. पत्रक मी लिहिलं होतं: ‘ग्रहण म्हणजे सावली. सावलीनं पोरं वाकडी होत नाहीत!’ वहिनी हसत म्हणाली, “भावजी, मीठ आना की. नुसताच खाऊ व्हय?” आणि फोडी खाऊन मोकळी झाली.

पोरगी जन्मली ती उजव्या हाताची मधली दोन बोटं एकमेकांना चिकटलेली घेऊन.

बारशाला आलेल्या बायका आधी पोरीची मूठ उघडून बघायच्या, मग माझ्याकडे. आत्या तर तोंडावरच म्हणाली, “काय रं पुढारी, आता ह्येचं पत्रक काढ की!”  त्या दिवसापासून वहिनीच्या हाताला आईनं विळी लागू दिली नाही.

माझं डोकंच फिरलं. दादा-वहिनीला घेऊन शहरात, राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “पोटात आधी हात वल्ह्यासारखा सपाट असतो. मग बोटांच्या मधल्या पेशींना निरोप येतो आणि त्या मरतात. त्या मेल्या की बोटं सुटी. हिच्या हातात तो निरोप कुठंतरी अडला. हे सगळं तिसऱ्या महिन्याच्या आत होतं. सातव्यात काय चिरलं त्याचा काडीचा संबंध नाही.”

ऐकलंस का, अशा नजरेनं मी दादाकडे पाहिलं. त्यानं विचारलं, “पन अडला कशानं?”

“बऱ्याचदा कळत नाही.”

माझ्या पत्रकांना कायम कुणीतरी गुन्हेगार लागतो. मी म्हणालो, “पंचगंगेचं घाण पाणी?”

“पुरावा आहे तुमच्याकडे?”

नव्हता.

वहिनीनं भलतंच विचारलं. “मरायचा निरोप? म्हंजे मानूस जाताना आपन देतो, तसला?”

“तसलाच म्हणा.”

घरी येईपर्यंत ती पोरीचा हात कुरवाळत होती. मला वाटलं, पटलं. उंबऱ्यात पाऊल टाकताच तिनं आईला विचारलं, “आत्ती, पोटातल्या जिवाला निरोप कोन धाडत असंल?” डॉक्टरीणबाईंनी जी जागा प्रामाणिकपणे रिकामी ठेवली होती, तिथं आईनं क्षणात ग्रह बसवला. मी ओरडलो, भांडलो. पण तिथं ठेवायला माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

पुढं पोरीचं ऑपरेशन झालं, बोटं सुटी झाली. मग वहिनीला पुन्हा दिवस गेले. दुसरा महिना सरत आला आणि ग्रहण लागलं.

वहिनी खोलीचं दार आतून लावून बसली. मी ते वाजवलं. “वहिनी, उघडा. काय हुईत न्हाय.”

“म्हाईत हाय मला, भावजी. पन तुमचं चुकलं तर तुमी दुसरं पत्रक काढशीला. मी काय काढू?”

आई दाराशीच जपमाळ ओढत बसली होती. “हलू नगंस गं,” आत ऐकू जाईल असं ती मधूनमधून म्हणत होती.

फटीतून वहिनी दिसली. भिंतीला पाठ, पाय लांब केलेले, तळहात मांड्यांवर उताणे. एकाला दुसरं लागू नये म्हणून दहाही बोटं फाकवून धरलेली.  तिच्या पोटात हात घडायचे दिवस ते हेच. निरोप सुटत होते, की कुठंतरी अडत होते? मी दाराला कान लावून उभा राहिलो. आईची जपमाळ तेवढी ऐकू येत होती.