पाच सवाष्णींची थरवडी

बसम्माच्या हातची वडी अख्ख्या गल्लीला चालती, पण बसम्माचा हात रुखवताला चालत न्हाई! हे कुठलं शास्त्र? कोणत्या शहाण्यानं काढलं? लातुरात राहून मी लई नमुने बघितले, पण उदगीरच्या आक्कासारखा नमुना बघितला न्हाई.

नीट सांगते. मी सिंधु, बसम्माची शेजारीण. आमची भिंतीला भिंत आहे, तिनं फोडणी टाकली की शिंक मला येती. बसम्मा ऐन उमेदीत विधवा झाली आणि भावाकडं, अमृतरावांकडं येऊन राहिली. अमृतरावांचं कापडाचं दुकान. पुढं त्यांची बायको वारली तवा अंजू नुकती चालायला लागलेली. त्या लेकराचं न्हाणं-धुणं, गोवर-कांजण्या, शाळा, सगळं बसम्मानं केलं. अंजू तिला आत्या म्हणतच न्हाई, अव्वा म्हणती. अव्वा म्हणजे आई. बोलायला लागली तशी म्हणती.

अंजू पुण्यात नोकरीला लागली आणि पहिल्या पगारात अव्वाला ओव्हन घेऊन आली. फोनवर बघून दोघींनी एक गोड पदार्थ केला. खाली लोण्यात कालवलेला बिस्किटाचा चुरा दाबून बसवायचा, त्यावर कंडेन्स्ड मिल्कमध्ये खोबरं आणि भाजलेले शेंगदाणे पसरायचे, तांबूस होईस्तोवर भाजायचं, मग वरून वितळलेलं चॉकलेट ओतायचं. एवढंच. कुणालाबी जमंल. पथ्य एकच, पुरतं गार झाल्याबिगर सुरी लावायची न्हाई. बसम्मानं त्याचं नाव ठेवलं थरवडी. अंड्याचा पत्ता न्हाई, म्हणून लिंगायत घरांतनं बी बिनघोर खात्यात. बारसं असो, वाढदिवस असो, गल्लीत थरवडी पाहिजेच. तवा कुणी तिच्या कपाळाकडं बघत न्हाई, सगळ्यांचं लक्ष डब्याकडं.

अंजूचं लग्न जमलं. नांदेडचा सोमेश, पोरगा गुणाचा. त्याची आई दामिनीबाई साखरपुड्यात थरवडी खाऊन म्हणाल्या, "रुखवतात ही पाहिजेच हां!" बसम्माचा चेहरा असा फुलला! रात्री मला म्हणाली, "सिंधु, मला काही नको बघ. तेवढं एक ताट माझ्या हातानं अंजूच्या रुखवतात मांडायचं हाय." आयुष्यभरात त्या बाईनं एवढी एकच गोष्ट मागितली.

आणि आक्का आल्या. अमृतरावांची थोरली बहीण, पायांत जोडवी, हातांत डझनभर बांगड्या, तोंडाला लगाम न्हाई. रुखवताचं नाव निघाल्याबरोबर कडाडल्या, "रांडमुंड बाईचा हात पोरीच्या रुखवताला? अक्कल गहाण टाकली काय रे अमृत?"

अमृतराव काय म्हणाले असतील? मान खाली घालून "आक्का मोठी हाय," एवढंच पुटपुटले. अहो, ज्या बहिणीनं तुमची लेक वाढवली तिच्यासाठी तोंडातनं एक शब्द निघंना? माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "आक्का, तुम्ही गळ्यात लिंग बांधता, सणावाराला शरणांची वचनं म्हणता. विधवेला दूर सारा असं त्यात कुठं हाय?" आक्का म्हणाल्या, "तू मधी बोलू नको. घरातली हाईस का?"

शेवटी आक्कांनीच तोडगा काढला. खालचे दोन थर बसम्मानं करायचे, वरचा थर पाच सवाष्णींनी ओतायचा आणि वड्या बी त्यांनीच कापायच्या. म्हणजे हात सवाष्णींचा लागला! आणि पाचांतली एक म्हणून मला बोलवायला आल्या. माझा नवरा भोकरला दुसरीबरोबर संसार करून राहिलाय, इकडं फिरकत बी न्हाई, दमडी देत न्हाई. पण तो जित्ता हाय म्हणून माझा हात शुभ! आणि जिनं मरणाऱ्या नवऱ्याची शेवटपर्यंत सेवा केली तिचा अशुभ! मी सांगितलं, "मला असला मान नको, जा." तर समोरची एक धरून आणली. मी गेले, पण बघायला.

काय तमाशा सांगू! ओव्हनमधनं ताट निघालं तर पाच जणींनी आधी त्याला हळदीकुंकू वाहिलं. भाजलेल्या खोबऱ्यावर कुंकू! मग चॉकलेट ओतलं, एकीचा हात इकडं, एकीचा तिकडं. बसम्मा चौकटीच्या बाहेर उभी, हळूच म्हणाली, "आक्का, आता गार होऊ द्या. सकाळी कापा."

"राहुकाळ लागायच्या आत कापायचं हाय. तू गप."

आणि लावली सुरी! चॉकलेट सुरीला चिकटून आलं, मधला थर ओघळला, खालचा चुरा भसाभसा सुटला. ताटात नुसता लाल-काळा लगदा. पाचही सवाष्णी एकमेकींच्या तोंडाकडं बघू लागल्या. आणि आक्का काय बोलल्या ठाऊक हाय? "दारात उभी होती ना, तिची सावली पडली." अगं बया! चूक स्वतः करायची आणि खापर त्या गरीब गायीवर!

संध्याकाळी आक्कांना आठवलं की दामिनीबाईंनी थरवडी मागितलीय. मग नमतं घेतलं का? छे! अमृतरावांकरवी निरोप धाडला, "बसम्मानं मागल्या खोलीत गुपचूप करून द्यावी. बोभाटा नको."

मी भिंतीवरनं ओरडले, "बसम्मा, कामून करलालीस? करू नको! पडू दे त्यांचं नाक खाली!"

ती चुरा दाबत होती. म्हणाली, "त्यांचं नाक गेलं तर जाऊ दे. पण अंजूचं रुखवत उणं दिसंल ना गं."

मला रडू बी आलं आणि तिचा राग बी आला.

लग्न नांदेडला. हॉलवर आक्कांनी स्वतः थरवडीचं ताट मिरवत आणून रुखवतात मधोमध मांडलं. दामिनीबाई बघायला आल्या तर आक्का पुढं होऊन म्हणतात, "आम्ही पाच सवाष्णींनी केली बरं का विहीणबाई!" लाज म्हणून न्हाई! आणि जिनं केली ती कुठं? मागं आचाऱ्यांच्या शेजारी, कांद्याच्या पोत्याजवळ खुर्ची टाकून बसलेली. तिला सांगून ठेवलेलं, रुखवताकडं फिरकायचं न्हाई.

मला राहवलं न्हाई. मी सरळ अंजूच्या खोलीत गेले. ती लग्नाच्या आदल्या दिवशी आलेली, तिला ह्यातलं काही कुणी कळू दिलं नव्हतं. मी अथपासून इतिपर्यंत सांगितलं. सावलीचं बी सांगितलं. पोरीच्या अंगावर शालू, कपाळाला बाशिंग. उठली, तरातरा रुखवतापाशी आली आणि ताट उचललं. सगळा हॉल बघत राहिला. अमृतराव मागं धावले, "अंजू, अगं अंजू!" तिनं वळून सुद्धा बघितलं न्हाई.

बसम्मापुढं जाऊन उभी राहिली. "अव्वा, हे तू ठेव. तू ठेवलंस तरच मी मांडवात जाईन."

आणि बसम्मानं काय करावं? दोन्ही हात पदराखाली लपवले! "नको गं बाई. तुझ्या संसाराला काही झालं तर मी काय करू?" आक्काचं मला काही वाटत न्हाई, ती हायच तसली. पण त्या बाईला स्वतःचेच हात वाईट वाटावे? इतकी वर्षं तिच्या कानात हेच ओतलं सगळ्यांनी, मेल्यांनी!

अंजू तिथंच, शालूसकट, खाली बसली. "अव्वा, मला ताप आला की सारी रात कपाळावर हात कोण ठेवायचं? तवा मला काय झालं?"

बसम्मानं पदरातनं हात काढले, ताट घेतलं आणि चालू लागली. लोक आपोआप बाजूला झाले. तिनं ताट रुखवतात मधोमध ठेवलं, नीट सरळ केलं. दामिनीबाई गोंधळून एकदा हिच्याकडं, एकदा आक्कांकडं बघू लागल्या. आक्का ओरडल्या, "अगं, सवाष्णींच्या ताटाला हात लावलास?"

बसम्मा सगळ्यांदेखत, मोठ्यानं म्हणाली, "आक्का, तुम्हा पाच जणींची त्या दिवशी लातुरातच बादलीत गेली. ही माझी हाय."